घरच्या संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

कवठे महांकाळसारख्या गावात संगणक आता केवळ कार्यालयात किंवा झेरॉक्सच्या दुकानात राहिलेला नाही. द्राक्षबागायतदाराच्या घरी तो फवारणीच्या नोंदी, औषधांची बिले आणि बेदाण्याच्या शेडचा हिशेब सांभाळतो. व्यापाऱ्याच्या घरी वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे त्यावरून भरली जातात. मुलांचे प्रकल्प, सातबाराचा उतारा, लग्नाची यादी, पाठशाळेच्या कार्यक्रमाची पत्रिका, आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणी हे सारे त्याच एका यंत्रात साठत जाते. पूर्वी घरातील खतावण्या आणि दस्तऐवज सागवानी पेटीत असत व तिची किल्ली घरातील जाणत्या माणसाच्या कनवटीला असे. आजच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

तो विचारण्याचा प्रसंग अलीकडेच आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. घरगुती वापरकर्त्यांना काही अटींवर एक वर्षाची वाढीव मुदत देण्यात आली. पण तो तात्पुरता उपाय आहे. पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. तिला ठरावीक सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे साधारणपणे २०१८ पूर्वी घेतलेला, एरवी सुस्थितीत चालणारा संगणक अचानक निरुपयोगी ठरतो. यंत्र बिघडलेले नसते. दूरच्या एका कंपनीने घेतलेल्या निर्णयाने ते म्हातारे ठरवलेले असते.

अशा वेळी कुटुंबापुढे तीन मार्ग असतात. पहिला, नवा संगणक विकत घेणे. ज्याला गरज आहे व ऐपत आहे त्याने तो अवश्य घ्यावा. दुसरा मार्ग सर्वांत प्रचलित आणि सर्वांत कमी बोलला जाणारा आहे : ओळखीच्या माणसाकडून, परवाना न घेता, कुलूप तोडलेली प्रत बसवून घेणे. तिसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. या लेखाचा विषय तोच आहे. पण दुसऱ्या मार्गाविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान, हे आपल्या घरातील मूल पाठशाळेतच शिकते. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत अचौर्य आहे. दुकानातून पेन्सिल न विचारता उचलणाऱ्या मुलाला आपण रागावतो. त्याच मुलाच्या देखत परवाना नसलेले सॉफ्टवेअर संगणकात बसवून घेताना मात्र आपल्याला काही वाटत नाही. वस्तू हाताला लागत नाही, मूळ धन्याची प्रत त्याच्याकडेच राहते, सगळेच असे करतात, ही समर्थने मुलाच्याही कानी पडतात आणि मनात रुजतात. व्यावहारिक तोटा वेगळाच. कुलूप तोडलेल्या प्रतीसोबत काय काय आत आले, हे बसवणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे चोराने बनवलेले कुलूप तिजोरीला लावण्यासारखे आहे.

आता तिसऱ्या मार्गाकडे वळू. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द ‘विनामूल्य’ आणि ‘स्वतंत्र’ अशा दोन्ही अर्थांनी येतो व त्यातून बराच गोंधळ होतो. मराठीत तशी अडचण नाही. आपल्याकडे ‘फुकट’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. मुक्त सॉफ्टवेअर देणारा वापरणाऱ्याला चार अधिकार देतो : ते कोणत्याही कामासाठी चालवण्याचा, त्याची रचना अभ्यासून त्यात बदल करण्याचा, त्याच्या प्रती इतरांना देण्याचा आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचा. येथे प्रत घेणे ही चोरी ठरत नाही, कारण ती देणाऱ्याने जाणूनबुजून, लेखी परवान्यासह दिलेली असते. म्हणजे ते खऱ्या अर्थाने दत्त आहे. बहुतेक वेळा ते विनामूल्यही मिळते; पण तो त्याचा दुय्यम गुण होय.

या चळवळीचा उगम एका साध्या अडचणीत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद वरचेवर अडके. रिचर्ड स्टॉलमन हे तेथील प्रोग्रामर. कागद अडकल्याची सूचना वापरणाऱ्यांना मिळावी म्हणून त्यांना प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये थोडी भर घालायची होती. परंतु त्याची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. दुरुस्त करण्याची इच्छा आणि क्षमता असूनही हात बांधलेले, हा अनुभव त्यांच्या मनात राहिला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा सर्वांसाठी खुला केला. या दोन्हींच्या संयोगातून उभ्या राहिलेल्या प्रणालींवर आज जगातील बहुसंख्य सर्व्हर चालतात. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. म्हणजे ज्याला आपण अनोळखी समजतो, ते आपण रोज हाताळत आहोत.

ज्ञान कुलपातून बाहेर येण्याचे महत्त्व आपल्या समाजाला नवे नाही. मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत धवला-जयधवलांच्या ताडपत्रांवरील प्रती शतकानुशतके केवळ दर्शनासाठी उघडल्या जात. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले, आणि १९३९ मध्ये प्रा. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड अमरावतीहून छापून बाहेर आला. नक्कल झाल्याने मूळ ग्रंथाचे काही उणे झाले नाही. उलट तो वाचला जाऊ लागला. शास्त्रदानाची ही परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना मुक्त सॉफ्टवेअरची कल्पना समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये.

योगायोग असा की, याच हिराचंद शेठजींचे चिरंजीव वालचंद हिराचंद यांचे नाव धारण करणाऱ्या सांगलीच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयातील तो गट नवशिक्यांसाठी कार्यशाळा घेतो. म्हणजे हा विषय समजून घेण्यासाठी आपल्याला पुण्या-मुंबईला जाण्याचीही आवश्यकता नाही.

घरी बसून शिकू इच्छिणाऱ्यांसाठीही उत्तम सोय आहे. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार केले आहेत. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य मिळतात. पडद्यावर पाहात पाहात स्वतः करून शिकायचे, अशी त्यांची पद्धत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. केरळमधील शाळांचे संगणकशिक्षण तर दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरवरच चालले आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या वर्गातून संगणक शिकलेल्या पिढीला विंडोज म्हणजेच संगणक असे वाटते; केरळातील मुलाला तसे वाटत नाही. सवयीचा हा फरक आहे, बुद्धीचा नव्हे.

प्रत्यक्ष निवड कशी करावी? घाई न करता, पायरी-पायरीने. पहिल्या पायरीवर प्रणाली बदलू नये. आहे त्याच विंडोजवर मुक्त प्रोग्राम बसवावेत. पत्रे, तक्ते आणि सादरीकरणासाठी लिबरऑफिस, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, गाणी व चित्रफिती पाहण्यासाठी व्हीएलसी, छायाचित्रे सुधारण्यासाठी गिंप. हे सारे त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. दोन-तीन महिने घरातील सर्वांनी त्यांवर काम करावे. लिबरऑफिस वर्ड आणि एक्सेलच्या फायली उघडते; फार गुंतागुंतीच्या मांडणीत कधी कधी ओळी सरकतात, एवढे लक्षात असू द्यावे. दुसऱ्याला पाठवायची अंतिम प्रत पीडीएफ करून पाठवली की तोही प्रश्न उरत नाही.

दुसऱ्या पायरीवर लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. विंडोजची सवय असलेल्यांना ‘लिनक्स मिंट’ जवळचे वाटते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. पेनड्राइव्हवरून चालवताना संगणकातील मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. ध्वनी, वाय-फाय, कॅमेरा आणि विशेषतः आपला प्रिंटर चालतो का, हे येथेच तपासावे. काही जुन्या लेझर प्रिंटरांना लिनक्सवर चालवणे कष्टाचे असते. ते आधी कळलेले बरे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष बसवण्याची. तिच्या आधी घरातील सर्व फायलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या संगणकावर पाहावे. ही काळजी न घेणाऱ्याला कोणतीही प्रणाली वाचवू शकत नाही.

मराठीचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरांना चढवलेली मराठी रूपे असतात. फॉन्ट गेला की वंशावळीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा जुना मजकूर घरात असेल तर तो आत्ताच, फॉन्ट उपलब्ध असताना, युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. लिनक्सवर इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक मिळतात. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, मुंबईच्या ‘एक टाइप’ समूहाचा ‘मुक्त’, तसेच ‘लोहित’ असे सुंदर आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट उपलब्ध आहेत. पत्रिका किंवा पुस्तिका छापण्यासाठी यांतील कोणताही निःशंकपणे वापरता येतो.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या घराचा हिशेब टॅलीवर चालतो आणि ज्यांचे सनदी लेखापाल टॅलीचीच फाइल मागतात, त्यांनी त्या कामापुरते परवानाधारक विंडोज ठेवावे. लहान हिशेबासाठी लिबरऑफिसचा तक्ता पुरतो. भारतात तयार झालेला ‘ग्नूखाता’ हा हिशेबाचा मुक्त प्रोग्रामही आहे, पण निर्णय लेखापालांशी बोलूनच घ्यावा. डिजिटल सहीचे टोकन चालते की नाही, हे विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी तपासू नये. बँक, सातबारा, रेल्वेचे आरक्षण ही कामे ब्राउझरमधून होत असल्याने त्यांना सहसा अडचण येत नाही. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवण्याचीही सोय आहे. सारे काही एका दिवसात सोडण्याचा हट्ट नसावा; अणुव्रतही शक्तीनुसारच घेतले जाते.

शेवटी एक कर्तव्य. जे मुक्तपणे मिळाले, त्याची परतफेड मुक्तपणेच करता येते. काहींनी वर्षाकाठी अल्पशी देणगी द्यावी. ज्यांची मराठी चांगली आहे, त्यांनी प्रोग्रामांच्या मराठी अनुवादातील चुका दुरुस्त कराव्यात. अनेक प्रकल्प असे साहाय्य आनंदाने स्वीकारतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीत गावातील दोन घरांचे जुने संगणक पुन्हा चालते करून द्यावेत. कचऱ्यात जाणारे एक यंत्र वाचले, एका विद्यार्थ्याला ते मिळाले आणि त्यातील प्रत्येक वस्तू देणाऱ्याच्या संमतीने आलेली आहे, याचे समाधान त्या घराला लाभेल. पेटी जुनी असली तरी चालेल; तिची किल्ली घरच्या माणसाच्या हाती असली पाहिजे.