गुडघा घड्याळाचं ऐकत नाही
चिखलोलीच्या आमच्या भाच्याच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ, मोबाईलमध्ये गुडघा किती अंशांत वाकतो ते दाखवणारं ॲप. क्रिकेट खेळताना लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या महिन्यात सूज उतरली, आकडे सुधारले आणि साहेब मैदानावर निघाले! अम्मीने बॅट कपाटात कोंडली. बरंच केलं. मांडीमागची कंडरा घेऊन बसवलेलं नवं लिगामेंट तेव्हा कच्चंच असतं; असे खेळ खेळायला साधारण ९ महिने तरी थांबावं लागतं. अपघातानंतर ऋषभ पंतच्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली जानेवारी २०२३ मध्ये. तो पुन्हा खेळला मार्च २०२४ मध्ये.
भाचा सध्या खुर्चीवर नमाज पढतो, अंबरनाथ स्टेशनचा पूल कठडा धरून चढतो. ॲपमध्ये त्याने पहिलं उद्दिष्ट लिहिलंय, जमिनीवर सजदा. बॅट दुसरी.