रोही: निळा कोण, भुरा कोण?

आपल्या अकोटच्या शिवारात तुरीत शिरलेला रोह्यांचा कळप तुम्ही पाहिलाच असेल. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी ती काळविटासारखी कुरंग आहे.

कळपात निळसर-करडा रोही एखादाच, बाकी सारे भुरे. मग आपण म्हणतो, "एक नर अन् बाकी माद्या." इथंच चूक होते! लहान नरही भुराच असतो. साधारण ३ वर्षांनंतर त्याचा रंग गडद होत जातो. शिंगं मात्र फक्त नरालाच येतात.

आता वजन पाहा. मोठा नर २५० किलोच्याही पुढे जातो. मादी सहसा २०० च्या आत. असं का? मादीची वाढ लवकर थांबते. तिची ताकद पिलांत अन् दुधात जाते. नर पुढेही वाढतो, कारण माद्यांसाठी नरांची झुंज लागते, अन् भारी असतो तोच जिंकतो. काळविटातही नर मादीपेक्षा भारी.

शेतात गेलात तर लांबूनच मोजा: निळे किती, भुऱ्यांत शिंगंवाले किती, पिलं किती? नुसत्या रंगावर मोजलं तर तरुण नर माद्यांत धरले जातात. मग पुढच्या वर्षी कळप किती वाढेल, पिकाला किती जपावं लागेल, हा बाबांचा अंदाजच चुकतो.