आम्ल मेलं, पण पाणी?

शिरोली एमआयडीसी म्हटली की आधी फौंड्री आठवते. त्यामुळे इथल्या माती-पाण्याचा विषय निघाला की बोट लगेच वाळूच्या ढिगाकडे जाते: काळी वाळू, म्हणजे आम्ल. हे सरसकट खरे नाही. ग्रीन सँडच्या साच्यात बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी असते. ती वाळू सहसा आम्लधर्मी नसते. फ्युरान रेझिनच्या वाळूचे मात्र वेगळे. ती घट्ट व्हायला आम्लच घालावे लागते आणि त्याचा अंश मागे उरतो. गंज काढण्याच्या पिकलिंगच्या टाक्यांतले आम्ल तर याहून कितीतरी तीव्र.

‘आपली काळी माती आम्ल पचवते,’ हे त्याहून घातक, कारण ते निम्मे खरे आहे. काळ्या मातीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि तिच्यात बहुधा चुनखडीचे खडे असतात. १०० किलो शुद्ध चुनखडी ७३ किलो हायड्रोक्लोरिक आम्ल मारते. पण त्यातून कॅल्शियम क्लोराइड तयार होते, ते पाण्यात सहज विरघळते आणि पावसाबरोबर खाली उतरते. मग बोअरच्या पाण्याचा सामू ७ भरतो, तरी साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि जडपणाची २००. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे १००० आणि ६००. सामूची पट्टी यातले काहीच सांगत नाही. आम्ल सांडतच राहिले तर चुनखडीही एक दिवस संपते, आणि मातीने धरून ठेवलेले जस्त, निकेल सुटू लागते.

मग चुना टाकायचा? जस्त-निकेलसाठी मोजून टाकलेला चुना उपयोगी पडतो. क्रोम प्लेटिंगच्या जागी मात्र नुसता चुना टाकणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. हेक्साव्हॅलंट क्रोमियम अल्कधर्मी मातीत बसत नाही, उलट अधिक मोकळे फिरते. आधी फेरस सल्फेटने त्याचे ट्रायव्हॅलंट रूप करायचे, मग चुना. हा क्रम उलटला की विषाला वाट मिळते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला अवघी ०.०५ मिलिग्रॅम आहे.

शेतातही चुना सरसकट चालत नाही. चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीला जिप्सम लागते, चुना नव्हे. गगनबावड्याकडच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला चुना मानवतो, म्हणून तो चोपणालाही चालेल असे नाही.

‘काळी माती चिकट, पाणी खाली जातच नाही,’ असेही म्हणतात. भिजून फुगल्यावर ते बरेचसे खरे. पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वळवाचे पाणी जमिनीवरचे सगळे घेऊन त्यांतून मुरुमात, तिथून कातळाच्या फटींत उतरते. म्हणून विहिरीच्या पाण्याचा नमुना एकदा पावसाआधी आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्यावा. सामूबरोबर ईसी (विद्युत वाहकता), जडपणा, क्लोराइड आणि धातू तपासून मागावेत. अहवालात क्लोराइड किंवा धातू जास्त निघाले, तर पाणी उकळून ते जात नाहीत. पाणी आटते, ते मागे राहतात.