ग्लोव्हज उलटे करून बघा

कल्याणपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही बाईक ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत ग्लोव्हज मिळतात. दुकानदार ते पाठीच्या बाजूनेच दाखवतो, कारण सगळी शोभा तिथे असते: बोटांच्या सांध्यांवर टणक प्लास्टिक, जाळी, ‘रेसिंग’ अशी ठळक अक्षरं.

गैरसमज: वर कवच आहे, म्हणजे हात सुरक्षित.

पडताना माणूस मूठ वळत नाही, तळवा पुढे करतो. शीळ रस्त्याच्या कडेला सांडलेल्या खडीवर गाडी घसरली की आधी टेकतो तो मनगटालगतचा तळवा. कातडी तिथलीच सोलते. शिवाय तळवा रस्त्याला धरून बसला आणि मागून अंगाचा भार आला, तर मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडू शकतं. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, त्यामुळे ते सावकाश जुळतं. पहिल्या एक्स-रेत तर कधीकधी मोड दिसतही नाही. म्हणून चांगल्या ग्लोव्हजना नेमक्या त्या जागी गुळगुळीत कडक तुकडा बसवलेला असतो, हात अडकू नये, सरकावा यासाठी. स्वस्तातल्या जोडीत तिथे बहुधा रेक्झिनखाली फोम असतो. त्याने हँडलचे हादरे कमी लागतात, एवढाच त्याचा उपयोग.

गैरसमज: आमच्या ट्रॅफिकमध्ये स्पीडच कुठे मिळतो?

घोडबंदर रोडवर ताशी 40 किलोमीटरने चाललेली बाईक आडवी झाली, तर चालक ढोबळ हिशेबाने दहा मीटर, म्हणजे दोनेक सेकंद घासत जातो. उघड्या तळव्याला तेवढं पुरतं. बाईकच्या ग्लोव्हजसाठी असलेलं युरोपीय मानक, ईएन 13594, तळव्याचं कापड किंवा चामडं सेकंदाला 8 मीटर वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर घासून बघतं. पहिल्या पातळीसाठी ते 4 सेकंद टिकावं लागतं, दुसरीसाठी 8. पट्ट्याचा हा वेग ताशी जेमतेम 29 किलोमीटर होतो. रेस ट्रॅकचा नव्हे, आपल्या रस्त्यांचाच.

गैरसमज: सीई छापलंय, मग झालं.

नुसत्या दोन अक्षरांना अर्थ नाही. आतल्या लेबलवर बाईकस्वाराचं चित्र, मानकाचा क्रमांक आणि 1 किंवा 2 ही पातळी हवी. सांध्यांवरचं कवच तपासलेलं असेल तर केपी हीसुद्धा अक्षरं. काही वेळा शिक्का फक्त आत घातलेल्या तुकड्याचा असतो आणि विकला जातो अख्ख्या ग्लोव्हजच्या नावावर. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 129 हेल्मेटपुरतं बोलतं, हेल्मेटला आयएसआय सक्तीचा आहे. ग्लोव्हजच्या बाबतीत पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते.

गैरसमज: स्वस्त ते सगळं टाकाऊ.

हेही खरं नाही. रोज डोंबिवली स्टेशनपर्यंत जाणाऱ्याने बजेटमध्ये जोडी घेतली तर त्यात काही चूक नाही, फक्त पैसे तळव्यावर गेलेले हवेत. ग्लोव्हज उलटे करा. तळव्यावर खऱ्या चामड्याचा दुहेरी थर आहे का? शिवण दोनदा मारलेली आहे का, की बोटांमधले धागे आत्ताच सुटलेत? मग मनगटाचा पट्टा आवळून सोबतच्या मित्राला बोटांची टोकं धरून ओढायला सांगा. निघून आला तर रस्त्यावर पहिल्या आपटीतच निघेल, मग कापड कितीही जाड असो. मानकातही ही ओढण्याची चाचणी आहे: पहिल्या पातळीला 25 न्यूटन, म्हणजे अडीच किलोचं वजन टांगल्याइतकी ओढ. या एका चाचणीत चारशेची जोडी पास होऊन दीड हजाराची नापास होऊ शकते. मनगटाला पट्टाच नसलेले आणि अर्ध्या बोटांचे ग्लोव्हज जिमसाठी ठीक.

गैरसमज: पावसाळ्यात वॉटरप्रूफच हवेत.

माळशेजला जायचं असेल तर कदाचित. शहरात स्वस्त वॉटरप्रूफ अस्तर हात घामाने भिजवतं, आणि ओला हात काढताना अस्तर बोटांसोबत बाहेर येतं. त्यापेक्षा साधी जोडी भिजू द्यावी आणि पंख्याखाली वाळवावी. तापलेल्या इंजिनवर नको, चामडं तडकतं.