साच्याची रेघ आणि शिल्पकाराची रेघ

कन्नड तालुक्यातील पिशोरहून पूर्वेस निघून, सिल्लोड मागे टाकून जो प्रवासी जालना जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, त्याला केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे एक लहानसे खेडे लागते. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हे खेडे पिशोरच्याच जिल्ह्यात मोडत असे. आपल्या मुलखात त्याची ओळख बेताचीच आहे. परंतु सातासमुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये अशी माणसे आहेत की ज्यांना या दोन ओढावजा नद्यांची वळणे तोंडपाठ असतात, आणि जी सुटीच्या दिवशी एका मोठ्या टेबलावर त्या नद्या निळ्या रंगाने रेखून, त्यांच्या काठी बोटाच्या पेराएवढे शेकडो धातूचे शिपाई ओळीने उभे करून, २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई पुन्हा लढून पाहतात.

या व्यासंगाला युद्धखेळ म्हणतात. फूटपट्टीने अंतरे मोजावयाची, फासे टाकून दैवाचा कौल घ्यावयाचा आणि ठरलेल्या नियमांनी एखाद्या ऐतिहासिक संग्रामाची परीक्षा करावयाची, असे त्याचे थोडक्यात स्वरूप आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ यांच्या युद्धखेळाचा उपयोग अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होऊ लागला, आणि १९१३ साली इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तोच खेळ घरच्या जमिनीवर आणला. असईचे रण या मंडळींना विशेष प्रिय असण्याचे कारण उघड आहे. एका बाजूस दौलतराव शिंद्यांचे कवायती कंपू, त्यांतील सर्वांत मोठ्या कंपूवर पोलमन हा हॅनोव्हरचा सरदार, सोबतीस बेगम समरूच्या पलटणी आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडदळ. दुसऱ्या बाजूस इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाताखाली स्कॉटलंडच्या दोन पलटणी, मद्रासचे देशी शिपाई आणि थोडे घोडेस्वार. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, एवढ्या तर्कावर वेलस्लीने फौज पाण्यात घातली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी इंग्रजी फौजेची जी हानी केली तिचा हिशेब इंग्रजांच्याच दप्तरात नमूद असून, त्यांचे दीड हजारांवर लोक ठार वा जखमी झाले. लढाई संपल्यावर ज्या शंभराच्या आसपास तोफा त्यांच्या हाती लागल्या त्या उत्तम प्रतीच्या होत्या, ही ग्वाहीही शत्रूनेच दिली आहे. शिंद्यांच्या तोफखान्याचे ओतकाम आग्र्यास युरोपीय कारागिरांच्या देखरेखीखाली चालत असे, आणि तोफेच्या पोटात पोकळी राहिली तर तिचा पहिला बळी तोफेमागे उभा असलेला गोलंदाजच ठरतो, हे त्या ओताऱ्यांना ठाऊक होते.

धातूच्या शिपायाच्या पोटातील पोकळीने कोणाचा प्राण जात नाही. तरीही त्याच्या ओतकामाची चिकित्सा खरे शौकीन ज्या काटेकोरपणाने करतात तिचे कारण त्याच्या आकारात आहे. सर्वांत प्रचलित शिपाई सुमारे २८ मिलिमीटर उंचीचा असतो, म्हणजे मनुष्याचा अदमासे छप्पन्नावा अंश. या प्रमाणात बंदूक अवघी अडीच सेंटिमीटर लांब होते आणि तिच्या टोकाचे संगिनीचे पाते न्यायाने अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक व्हावयास पाहिजे. इतक्या अरुंद पोकळीत वितळलेला धातू थंड होण्याच्या आत टोकापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नसल्यामुळे शिल्पकार पाते थोडे जाड करतो, हाताचे पंजे आणि चेहरा थोडा मोठा घडवितो. ही तडजोड दोष नव्हे. ती धातूशी केलेली वाटाघाट होय.

हा धातू म्हणजे मुख्यत्वे कथील आणि शिसे यांचे मिश्रण. कथील आपल्याला पितळी भांड्यांच्या कल्हईमुळे परिचित आहे. ते २३२ अंश सेल्सियसला वितळते, शिशाला ३२७ अंश लागतात, आणि आश्चर्य असे की दोहोंचे योग्य प्रमाणातील मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. रेडिओ दुरुस्त करणारा ज्या तारेने डाग देतो ती तार याच गुणावर चालते. यात थोडे अँटिमनी घातले म्हणजे मिश्रण कठीण होते, थंड होताना कमी आकसते आणि साच्यातील बारीकसारीक तपशील जसाच्या तसा उचलते. मराठी वाचकाला या गुणाचा पुरावा परदेशात शोधावयास नको. १८६९ साली मुंबईत जावजी दादाजींनी काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे सुबकतेबद्दल देशभर नावाजले, आणि छापखान्यांचे खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी या त्रयीचेच ओतले जात. वेलांटीचा बाक आणि अनुस्वाराचे टिंब ज्या धातूने बिनचूक धरले, तोच शिपायाच्या अंगरख्याची गुंडी धरतो. अलीकडे शिशाच्या विषारीपणामुळे अनेक कारखानदार शिसेविरहित मिश्रण वापरतात. ते अधिक कठीण असते, परंतु वाकविताना मोडण्याचा संभवही त्यात अधिक. कथिलाचे प्रमाण मोठे असले की वाकविताना त्यातून एक बारीक किरकिर ऐकू येते. ती ऐकताच हात आवरावा.

धातू उत्तम असूनही आकृती बिघडते, ती साच्यामुळे. आपल्या प्रांतातील लघु धातुशिल्पांचा सर्वांत प्राचीन आणि विख्यात नमुना म्हणजे १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे सापडलेली चार ब्राँझशिल्पे. त्यांतील बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष पाहून आजचा युद्धखेळाचा शौकीनही थक्क होईल. अशा प्राचीन मूर्तींच्या मेण-साचा पद्धतीत मेणाची आकृती मातीने लिंपून, मेण वितळवून काढून, त्या पोकळीत धातू ओततात आणि अखेरीस माती फोडतात. साचा एकसंध असल्यामुळे मूर्तीवर जोडाची रेघ उमटत नाही; मात्र प्रत्येक मूर्तीमागे एक साचा खर्ची पडतो. पलटणीच्या पलटणी ओतावयाच्या असतील तर हा खर्च परवडणारा नाही. म्हणून दोन चकत्यांच्या रबरी साच्याची योजना निघाली. मूळ आकृत्या त्या दोन चकत्यांमध्ये दाबून, उष्णता देऊन रबर पक्के करतात. मध्यभागापासून प्रत्येक आकृतीपर्यंत धातूसाठी वाट आणि आकृतीच्या टोकांपासून हवा निघून जाण्यासाठी बारीक चरे कोरतात. मग साचा यंत्रावर गरगर फिरवीत मध्यभागी धातू ओततात, म्हणजे तो केंद्रापासून बाहेर फेकला जाऊन प्रत्येक कोपरा भरतो. एकाच साच्यातून शेकडो शिपाई निघतात. पण साचा दोन भागांचा असल्यामुळे त्या भागांच्या सांध्याची एक रेघ प्रत्येकाच्या अंगावर उमटतेच. या कलेतील सारी विद्या एवढ्यातच आहे की, अंगावरची कोणती रेघ शिल्पकाराने दिली आणि कोणती साच्याने लादली, हे ओळखता यावे.

दोषांची नामावळ लांब असली तरी त्यांचे वर्ग दोनच: धातू फाजील झालेला, आणि धातू कमी पडलेला. साचा पुरेसा आवळला गेला नाही तर सांध्यातून धातू बाहेर झिरपून पायांच्या मध्ये, काखेत, घोड्याच्या पोटाखाली पातळ पापुद्रा पसरतो. हवेच्या चऱ्यांत शिरलेल्या धातूचे केसासारखे तंतू टोपीवर आणि कोपरावर उगवतात. रबराचा कपचा उडाला असेल तर तेथे धातूची गाठ येते. नवखा ग्राहक हे पाहून माल टाकाऊ ठरवितो, आणि येथेच त्याची फसगत होते. कारण फाजील धातू पाच मिनिटांत काढता येतो, नसलेला धातू मात्र सहजासहजी घालता येत नाही. धातू पुरेसा तापला नव्हता म्हणून तुटकी राहिलेली संगीन, अडकलेल्या हवेने गालावर पडलेला खळगा, आणि जुन्या, उष्णतेने थकलेल्या साच्यामुळे पुसट झालेले नाकडोळे हे खरे कसूर. शिपाई हाती घेताच पापुद्र्याकडे काणाडोळा करून प्रथम चेहरा आणि हात पाहावेत. त्यानंतर दोन अर्धांची खातरजमा करावी. साच्याच्या चकत्या एकमेकींवरून सरकल्या असतील तर शिपायाची पुढची बाजू मागच्या बाजूशी जुळत नाही आणि सांध्याशी पायरी पडते. ती केसभर असली तर कानशीने मोडेल. डोळ्यांना सहज दिसण्याइतकी असली तर तो शिपाई विक्रेत्याकडे परत करणे हेच शहाणपण, आणि प्रामाणिक ओतकार तो बदलून देतो, कारण धातू पुन्हा मुशीत जातोच.

सफाईची हत्यारे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळण्याजोगी असतात: बारीक दातांच्या सुईकानशी, त्यांत एक सपाट आणि एक अर्धगोल, धारदार चाकू, छोटा कटर, पॉलिश पेपर आणि जुना टूथब्रश. कामाला दिवसाचा तिरका उजेड घ्यावा. समोरून पडलेल्या प्रकाशात जी रेघ लपते ती तिरप्या प्रकाशात सावली टाकते. मोठे तुकडे कटरने कापताना मूळ अंगाला भिडू नये, थोडा अंश शिल्लक ठेवून तो कानशीने उतरवावा. रेघ काढताना चाकूने कापण्याऐवजी पाते काटकोनात धरून खरवडावे, म्हणजे धातूचा बारीक कीस निघतो आणि खाच पडत नाही. कानस अवयवाच्या वळणाप्रमाणे फिरवावी. मांडीवर सपाट कानस चालविली तर मांडीला कडा येते, आणि गोल मांडी एकदा चौकोनी झाली की कोणताही रंग ती झाकीत नाही. मऊ धातूने कानशीचे दात लवकर भरतात. त्यावर आधी खडू घासून ठेवणे हा कारागिरांचा जुना शिरस्ता आहे. जेथे साच्याची रेघ अंगरख्याच्या चुणीला ओलांडून जाते तेथे थांबून विचार करावा, आणि संशय उरल्यास रेघ राहू द्यावी. राहिलेली रेघ उद्या काढता येईल, खरवडलेली चुणी परत येणार नाही.

वाकलेली बंदूक एकाच झटक्यात सरळ करू नये. दोन बोटांच्या चिमटीत थोडी थोडी वळवावी. खळगे भरण्यास दोन भाग मळून वापरावयाचा इपॉक्सी लुकण, म्हणजे नळदुरुस्तीसाठी घरोघरी असते त्या एम-सीलच्या जातीचा पदार्थ, पुरेसा होतो. सुकल्यावर तो घासून समतल करावा. मोडलेल्या संगिनीऐवजी बारीक छिद्र पाडून त्यात ठोकून चपटी केलेली तार बसविता येते. सर्व घासकाम आटोपल्यावर शिपायाला साबणाच्या कोमट पाण्यात टूथब्रशने धुणे अवश्य आहे, कारण साच्यातून आकृती सहज सुटावी म्हणून लावलेल्या भुकटीचा अंश आणि हाताचा तेलकटपणा राहिल्यास रंग धरत नाही. पूर्ण वाळल्यावर अस्तराचा पातळ हात द्यावा. तो लागताच राहून गेलेली प्रत्येक रेघ उघडी पडते, तेव्हा पुन्हा कानस घेण्यास आळस करू नये.

शिशाविषयी सावधगिरी ही या छंदाची पहिली अट आहे. कीस आणि धूळ फुंकरीने उडवू नये. खाली वर्तमानपत्र पसरून ते घडी घालून टाकून द्यावे, पॉलिश पेपर ओला करून वापरावा, काम चालू असताना खाऊ-पिऊ नये आणि उठताना हात साबणाने धुवावेत. लहान मुलांच्या हाती असे शिपाई खेळणे म्हणून कधीही देऊ नयेत. घरच्या स्वयंपाकाच्या भांड्यात धातू वितळविणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. शिशाचे जुने शिपाई लाकडी कपाटात कोंडून ठेवले तर लाकडातील आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी भुकटी चढते आणि ते आतून खाल्ले जातात. म्हणून हवा खेळती ठेवावी.

शिंद्यांच्या कंपूतील शिपाई आज परदेशी ओतकारांच्या साच्यातून निघतो, आणि त्याची पगडी, पट्टे व चेहरा कसा असावा याचा निर्णयही बहुधा तेथेच होतो. धातू, रबर, कानस आणि कसबी हात यांपैकी कशाचीही वाण आपल्याकडे नाही. देवघरातील मूर्ती ओतणारे कारागीर महाराष्ट्रात आजही आहेत. असईच्या मातीत ज्यांनी तोफांशेजारी प्राण ठेवले त्यांची अचूक आकृती घडविण्याचे काम त्या मातीच्या शेजाऱ्यांनी अंगावर घ्यावे, यापरते उचित काय? ज्या वाचकाला या कलेची गोडी वाटेल त्याने आरंभी पलटण मागविण्याच्या भरीस न पडता एकच शिपाई घ्यावा, त्याचा चेहरा निरखावा, सांध्याची रेघ शोधावी आणि ती निघेपर्यंत रंगाची बाटली उघडू नये.