डोंगरातले कोळी

'कोळी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? होडी, जाळं आणि गॅदरिंगमधला तो कंपल्सरी कोळी डान्स! माझंही तसंच होतं. फर्स्ट इयरला आमच्या विंगमध्ये आंबेगाव तालुक्यातला एक मुलगा आला. तो कोळी आहे कळल्यावर मी शहाणपणाने विचारलं, "मग तुमची बोट आहे का रे?" तो म्हणाला, "बोट नाही, डोंगर आहे." त्या दिवशी मी चांगलाच खजील झालो, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

हे महादेव कोळी. समुद्रावरच्या कोळ्यांपेक्षा वेगळे, सह्याद्रीतले आदिवासी शेतकरी. चाकणहून नाशिक हायवेने निघालं की राजगुरुनगर, मंचर आणि तिथून डावीकडे घोडेगाव. त्याच्या पश्चिमेला भीमाशंकरपर्यंतचा डोंगर त्यांचा. जुन्नर, खेड, मावळ, अकोले, इगतपुरी इथेही त्यांची गावं आहेत. भात, नाचणी, वरई ही पिकं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, म्हणजे चक्क वाघाची पूजा!

इतिहासाच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल फारसं वाचत नाही. पण घाटवाटा आणि खोरी त्यांच्या नाईकांच्या ताब्यात असायची. जव्हारचं संस्थानही कोळी राजांचं, ते 1948 पर्यंत टिकलं. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांची तिथे मुंडकी उडवली असं सांगतात. आपण ट्रेकला जातो, तिथे उभं राहून फोटो काढतो आणि खाली उतरतो.

इंग्रज आल्यावर शेतसारा रोख भरावा लागू लागला. ज्याच्याकडे फक्त भात, त्याने रोख आणायची कुठून? सावकाराकडून. मग व्याज, मग कोर्टाचा हुकूमनामा, मग जमीन गेली. अकोल्याच्या देवगावचा राघोजी भांगरे याविरुद्ध उठला. त्याला पंढरपुरात पकडलं आणि 2 मे 1848 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. पुढे 1873 च्या सुमारास आंबेगावातल्या जांभोरीचा होन्या केंगले उठला. त्याचे लोक सावकारांची नाकं कापायचे. तो 1876 मध्ये पकडला गेला.

जगात दुसरीकडेही असं झालंय. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत पुएब्लो लोक आहेत, मातीची मजली घरं बांधून शतकानुशतकं एकाच जागी राहणारे. त्यांनी 1680 मध्ये स्पॅनिश राज्याविरुद्ध बंड केलं. उठावाला किती दिवस राहिले हे कळावं म्हणून गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या होत्या. (आपल्याकडे त्याच वर्षी महाराज गेले.) त्यातल्या ताओस गावाचं पवित्र तळं सरकारने जंगलखात्यात घातलं होतं, ते भांडून भांडून 1970 मध्ये परत मिळालं. आपल्याकडे भीमाशंकरचं अभयारण्य 1985 मध्ये झालं, शेकरूसाठी. शेकरू वाचावं हे बरोबरच, पण त्या जंगलात माणसंही आधीपासून होती हे कायद्यात यायला 2006 चा वनहक्क कायदा यावा लागला.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, पडकई. उतारावर भात होत नाही, कारण पाणी थांबत नाही. म्हणून उतार फोडून पायऱ्या करायच्या. एका घराला हे जमणारं नाही, म्हणून पाच-दहा घरं एकत्र येतात. आज तुझं शेत, उद्या माझं. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं. पहार, कुदळ, घण घेऊन दगड फोडायचे, त्याच दगडांचा बांध रचायचा आणि मागे माती भरायची. सिव्हिलवाल्यांनो, नीट बघा! बांध सिमेंटशिवाय रचलेला असतो, त्यामुळे जास्तीचं पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं आणि मागे दाब साचत नाही. आपण रिटेनिंग वॉलला वीप होल्स ठेवतो ते याचसाठी. वायवाला हे मला विचारलं होतं, तेव्हा आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हे काम 'शाश्वत' या संस्थेने उचलून धरलं, तिला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. पुढे कृषी खात्याने पडकईची योजनाच काढली. आणि मग यंत्रं आली. 30 जुलै 2014 ला सकाळी आंबेगावातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. 151 माणसं गेली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा बाहेर सांगितलं ते एसटीच्या ड्रायव्हरने. यंत्राने केलेल्या सपाटीकरणामुळे डोंगर सुटला असं काहींचं म्हणणं, तर भूवैज्ञानिकांनी तीव्र उतार आणि प्रचंड पाऊस यांवर बोट ठेवलं. मला वाटतं, पहार आणि यंत्र दोन्हीला 'पडकई' म्हणणं हीच चूक आहे. पहारीने एका हंगामात थोडंसंच शेत होतं, डोंगराला सावरायला वेळ मिळतो. नवं माळीण 2017 मध्ये जवळच आमडे इथे वसलं.

पाण्याचंही असंच. घोड नदीवर डिंभे धरण झालं, हुतात्मा बाबू गेनू सागर. पाणी कालव्याने पूर्वेच्या बागायतीला जातं. ज्यांची खाचरं बुडाली ते काठावर राहिले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात ते पेरतात, आणि सोसायटी करून धरणात मासेमारी करतात. म्हणजे डोंगरातल्या कोळ्याकडे शेवटी होडी आलीच, पण ती अशी.

रोख पैसा हिरड्याचा. पावसाआधी कोवळा बाळहिरडा झाडावरून पाडायचा, वाळवायचा आणि विकायचा, औषधाला आणि कातडी कमवायला जातो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कितीतरी हिरड्याची झाडं पडली. भातासारखं हे पुन्हा पुढच्या वर्षी पेरता येत नाही. भरपाईसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. तोवर घरातली तरुण मुलं चाकण-भोसरीत कॉन्ट्रॅक्टवर लागली. आपल्या होस्टेलसमोरून सकाळी ज्या कंपनीच्या बसेस जातात, त्यात ती असतात.

आमचा हा मित्र जुलैत आवणीला घरी जातो. मागच्या वेळी मीपण गेलो. गुडघाभर चिखलात वाकून तासाभरातच माझी कंबर गेली, त्याची आजी माझ्या दुप्पट वेगाने पुढे सरकत होती. मी विचारलं, "आजी, हे खाचर कोणी केलं?" ती म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं. अन् त्या समोरच्या चार घरांनी." येताना तिने आम्हाला दोन पायल्या तांदूळ बांधून दिला. तो रूमवर लपवून शिजवला, रेक्टर सर वाचत असतील तर माफी असावी.