संगणकाची लाल शाई

निबंधाच्या वह्या सरांकडून परत येतात तेव्हा त्यांत लाल शाईच्या खुणा असतात. काही ऱ्हस्व-दीर्घाच्या, काही ‘वाक्य फार लांबले’ अशा. संगणकाच्या आज्ञावलीलाही अशी लाल शाई लावणारे तपासनीस असतात, हे मला यंदा कळले. आणि तेही जरा खजील होऊनच.

झाले असे. माझे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. आपल्या जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको. नवराबायको मिळून एक कोयता. आधी मुकादमाकडून उचल, मग खर्ची, टनावर मजुरी, कामावर न गेले की खाडा. आणि शेवटी वजाबाकी. ही वजाबाकी आमच्या घरी आजवर तोंडीच चालत आली. कॉलेजच्या संगणकवर्गात पायथन भाषा थोडीफार शिकल्यावर मी या हिशेबाची आज्ञावली लिहिली. सत्तरेक ओळींची. उत्तर आले की हंगामभर राबूनही काही हजार अंगावरच राहतात. बाबा म्हणाले, “मुकादमबी तेच म्हनतो.”

वर्गातल्या सरांनी मात्र ती ‘फ्लेकएट’ नावाच्या मोफत तपासनिसातून काढायला सांगितली. हा तपासनीस आज्ञावली चालवीत नाही, नुसती वाचतो. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘लिंट’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी तो १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी लिहिला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले तंतू. कापूस वेचून आल्यावर लुगड्याला चिकटतात तसे. कापड फाटलेले नसते, पण झटकावे लागतेच.

माझ्या सत्तर ओळींवर चाळीसच्या वर शेरे आले! बहुतेक किरकोळ. ओळ ७९ अक्षरांपेक्षा लांब आहे, येथे जागा सोडलेली नाही, वगैरे. हे वाचून मला रागच आला. उत्तर येते आहे ना, मग अक्षर वळणदार कशाला? पण त्या गर्दीत एक शेरा निराळा होता: ‘वाढे’ या नावाला किंमत दिली आहे, परंतु ती कोठेच वापरलेली नाही.

वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. आई त्यांच्या पेंढ्या बांधून चाऱ्यासाठी विकते. पेंढ्या गुणिले भाव असा गुणाकार मी केला होता आणि बेरजेत घ्यायचाच विसरले होते. आईची हंगामभराची ती कमाई माझ्या हिशेबात जन्मली आणि तशीच विरली.

असे न वापरलेले नाव यंत्राला कसे सापडते? लिहिलेली किंमत पुढे कुठल्या वाटेने कुणापर्यंत पोचते, याचा माग ते काढते. या शास्त्रावर मुंबईच्या आय. आय. टी.तील उदय खेडकर व अमिताभ सान्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ साली निघाला. पुण्यात टाटांचे संशोधन केंद्र १९८१ साली सुरू झाले. तेथेही मोटारींसारख्या यंत्रांत बसणाऱ्या आज्ञावल्या तपासणारे साधन घडले आहे. म्हणजे हे काम काही साता समुद्रांपलीकडचे नाही.

दुसरा शेरा गुंतागुंतीचा होता. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली तिचे माप सांगितले. आज्ञावलीत प्रत्येक ‘जर’पाशी वाटेला फाटा फुटतो. साधारणपणे असे फाटे मोजून त्यांत एक मिळवला की झाले. दहाच्या आत असावे, असा त्यांचा सल्ला. माझे आले १७! सगळे खाड्यापायी. आई आजारी असली तर, दोघेही घरी राहिले तर, पाऊस असला तर, कारखाना बंद असला तर... एका ‘जर’च्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. आणि मी करून पाहिल्या होत्या चारच वाटा.

येथे चूक आहे असे यंत्राने म्हटले नव्हते. फक्त गुंता आहे एवढेच. मी खाड्याचा भाग वेगळा काढून पुन्हा लिहिला आणि एकेक वाट तपासली, तेव्हा दिसले की कारखाना बंद असलेल्या दिवशी आई आजारी असेल, तर माझी आज्ञावली तिचा खाडा धरीत होती. ज्या दिवशी कामच नव्हते त्या दिवसाचा खाडा!

दुरुस्तीनंतर तपासनीस गप्प झाला. मला वाटले, जिंकले. पण दोन दिवसांनी ध्यानात आले की मजुरीचा दर मी जुनाच घातला होता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती त्यात नव्हतीच. यंत्राने ब्र काढला नाही. त्याच्या लेखी आकडा तो आकडा. शुद्धलेखन बिनचूक असलेल्या उत्तरातही शिवाजी महाराजांच्या जन्माचे साल चुकलेले असू शकते, तसेच हे.

दर बदलून आलेले उत्तर बाबांना दाखवले. अंगावर फिरणारे काही नव्हते. थोडे शिल्लक होते. त्यांनी कागद दोनदा घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “मुकादमाची वही घालता येईल का ह्याच्यात?” वही ही काही आज्ञावली नव्हे. तिला ताडून पाहायला कारखान्याच्या काट्यावरच्या वजनपावत्या हव्यात, आणि गेल्या हंगामातली एकही आमच्याजवळ नाही. यंदा निघताना प्रत्येक खेपेच्या पावतीचा फोटो काढून मला पाठवायचा, एवढे आईला शिकवून ठेवले आहे.